लससक्ती आणि मालकाचे दायित्व

मालकाला आपल्या कामगाराकडून कौशल्य, वेळ आणि शिस्त मागता येते. त्याच्या दंडात कोणती लस टोचली जावी हेही त्याला ठरवता येते का, हा प्रश्न २०२१ साली कोविडच्या निमित्ताने घरोघरी चर्चिला गेला, परंतु तो त्या साथीतून निर्माण झालेला नाही. भारतात काही व्यवसायांना लसीकरणाचे बंधन आधीपासूनच होते, आणि ते इतक्या मुकाट्याने पाळले किंवा टाळले जात होते की बहुसंख्य नागरिकांना त्याचा पत्ताही नव्हता. कोविडकाळातील वाद समजून घ्यायचा तर या जुन्या बंधनांपासूनच सुरुवात करणे सोयीचे, कारण त्यांमागे दोन अगदी भिन्न विचार आहेत आणि नंतरच्या गदारोळात ते एकमेकांत मिसळले गेले.

यांतील पहिले बंधन अन्नव्यवसायाचे आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०११ साली परवाना व नोंदणीसंबंधी जे विनियम केले, त्यांच्या चौथ्या अनुसूचीत अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि कारखान्यातील कर्मचाऱ्यांना आंत्रज्वर गटातील रोगांविरुद्ध सक्तीने लस देऊन तिची नोंद तपासणीसाठी ठेवावी, अशी तरतूद आहे. आंत्रज्वर गट म्हणजे मुख्यतः विषमज्वर, ज्याला सर्रास टायफॉइड म्हटले जाते, आणि त्याला जवळचे असलेले पॅराटायफॉइडसारखे ताप. विषमज्वरातून बरा झालेला एखादा माणूस दिसायला ठणठणीत असूनही महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, विष्ठेतून जंतू बाहेर टाकत राहू शकतो. अशा व्यक्तीला वाहक म्हणतात. असा वाहक कणीक मळत असेल किंवा कोशिंबीर चिरत असेल, तर टेबलावर बसलेल्या ग्राहकाला ते कळण्याचा कोणताही मार्ग नसतो, आणि म्हणूनच येथील बंधनाचा आधार कामगाराचे हित हा नसून ग्राहकाची असहायता हा आहे. प्रत्यक्षात ही तरतूद बहुतांशी कागदावरच असते. लहान उपाहारगृहात परवान्याच्या नूतनीकरणाच्या सुमारास भटारी, वेटर आणि मोरीवरच्या पोऱ्याची प्रमाणपत्रे गठ्ठ्याने सही होऊन येतात आणि सुईचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. एवढी स्पष्ट सक्ती एवढ्या शांतपणे दुर्लक्षिली गेली, हे पुढील चर्चेसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे बंधन रुग्णालयांचे असून त्याची दिशा नेमकी उलट आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा ज्याच्या ताब्यात आहे त्याने आपल्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांचे आणि असा कचरा हाताळणाऱ्या इतरांचे हिपॅटायटिस बी, धनुर्वात यांसारख्या रोगांविरुद्ध लसीकरण करून घेतले पाहिजे. येथे कर्तव्य संस्थेवर टाकलेले आहे. लस घ्यायला नकार देणाऱ्या कामगाराचे काय करावे, याचा उलगडा नियम करीत नाही. हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य रोग रक्तावाटे पसरतो, आणि लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला अतिसंसर्गजन्य रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचली तर संसर्गाची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणजे एचआयव्हीच्या तुलनेत ती कितीतरी अधिक आहे. हा धोका डॉक्टर आणि परिचारिकांना असतोच, परंतु वापरलेली सुई ज्या पिशवीत चुकून पडते ती पिशवी उचलणाऱ्या मावशी आणि वॉर्डबॉय यांना तो विशेष असतो, आणि हेच कर्मचारी बहुधा कंत्राटी असतात. या लसीच्या तीन मात्रा असतात: पहिली आरंभी, दुसरी महिन्यानंतर आणि तिसरी सहाव्या महिन्यात, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिने, पुरेशी तयार झाली की नाही हे तपासावे लागते. सफाईचे कंत्राट जेथे वर्ष उलटण्याच्या आत बदलते, तेथे तिसरी मात्रा जुन्या कंत्राटदाराने द्यायची की नव्या, आणि दोघांनीही टाळली तर रुग्णालयाने स्वतः द्यायची की नाही, हा तंटा सुईपेक्षा अधिक टोचणारा ठरतो.

या दोन उदाहरणांतून एक भेद निघतो, जो लससक्तीच्या संपूर्ण चर्चेचा कणा मानला पाहिजे. काही लसी घेणाऱ्याबरोबर त्याच्या आसपासच्या माणसांचेही रक्षण करतात, तर काही केवळ घेणाऱ्याचे. धनुर्वात हा दुसऱ्या गटाचा अगदी शुद्ध नमुना, कारण तो माणसाकडून माणसाकडे पसरतच नाही. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. धनुर्वाताची लस न घेणारा गवंडी शेजारच्या गवंड्याचे काहीच बिघडवत नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाच्या इच्छेविरुद्ध बळ वापरण्याचे समर्थन दुसऱ्याची हानी टाळण्यासाठीच होऊ शकते, त्याचे स्वतःचे भले करण्यासाठी नव्हे. हे तत्त्व मान्य केल्यास गवंड्याला धनुर्वाताची लस देऊ करणे हे ठेकेदाराचे कर्तव्य ठरेल, पण ती घेणे ही गवंड्यावरची सक्ती ठरणार नाही. परिचारिकेच्या गोवर-लसीचे मात्र तसे नाही. गोवर हवेतून पसरतो, आणि बालरुग्ण विभागात लस घेण्याच्या वयाला न पोहोचलेली अर्भके असतात, ज्यांना आपली परिचारिका निवडता येत नाही.

कोविडच्या लसी या दोन गटांपैकी कोणत्या गटात बसतात, याचे उत्तर दीड वर्षात बदलत गेले, आणि बहुतेक नियम मात्र जुन्या उत्तरावरच अडून राहिले. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून लसीकरण सुरू झाले तेव्हा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशिल्ड आणि हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन या दोन लसी उपलब्ध होत्या, आणि त्या संसर्गही बऱ्याच अंशी रोखतील अशी आशा होती. डेल्टा प्रकाराने ती आशा कमी केली, आणि २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमिक्रॉनने लस घेतलेल्यांनाही इतक्या सर्रास गाठले की लसीचा भक्कम लाभ गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्यापुरता उरला. हा लाभ अतिशय मोठा होता, आणि लस घ्यावी हा सल्ला त्यामुळे तसूभरही कमजोर होत नाही. कमजोर होते ती सक्ती. शेजाऱ्याच्या रक्षणासाठी म्हणून लादलेली अट, शेजाऱ्याचे रक्षण घटल्यावरही तशीच ठेवायची असेल, तर तिला नवे समर्थन द्यावे लागते, आणि ते देण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

महाराष्ट्रात या अटीने घेतलेले रूप बारकाईने पाहण्याजोगे आहे. मुंबईची लोकल १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्यांसाठी खुली झाली, परंतु दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांनाच पास मिळू लागला. कोव्हिशिल्डच्या दोन मात्रांमध्ये तेव्हा किमान चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर सक्तीचे होते. म्हणजे १ जुलै रोजी पहिली मात्रा घेतलेल्या विरार किंवा बदलापूरच्या कामगाराला सारे काही वेळेवर जुळून आले तरी ७ ऑक्टोबरपूर्वी गाडीत चढता येत नव्हते. लस नाकारणारा आणि लसीच्या रांगेत उभा असलेला, या दोघांना नियमाने एकाच पारड्यात टाकले. त्यानंतर २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने दुकाने, मॉल आणि इतर आस्थापनांमध्ये काम करणारे सर्वजण पूर्ण लसीकृत असावेत असे ठरवले गेले आणि उल्लंघनासाठी व्यक्तीला पाचशे रुपये, तर आस्थापनेला दहा हजार रुपये दंड ठेवण्यात आला. ठाणे महापालिकेने त्याच महिन्यात पहिली मात्राही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचे वेतन रोखण्याचे जाहीर केले होते. मात्र याच काळात केंद्र सरकारची अधिकृत भूमिका लस पूर्णपणे ऐच्छिक असल्याची होती, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या प्रतिज्ञापत्रातही कोणालाही संमतीविना लस देण्याची मार्गदर्शक तत्त्वे नाहीत असे सांगितले गेले. लस नाकारण्याची मोकळीक होती, पण लस न घेता कामावर पोहोचण्याची नव्हती, असा हा विचित्र मामला होता.

घरकामगार स्त्रियांच्या बाबतीत तर सक्ती करणारा मालकही एकटा नव्हता. मुंबई-पुण्यातील अनेक गृहनिर्माण संस्थांनी प्रवेशद्वारावरच प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली आणि ते तपासण्याचे काम सुरक्षारक्षकाकडे दिले. संस्थेतील रहिवासी मात्र त्याच फाटकातून विनाचौकशी ये-जा करीत होते. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी १ मे २०२१ पासून लसीकरण खुले झाले तेव्हा को-विन संकेतस्थळावर आगाऊ वेळ आरक्षित करणे भाग होते, आणि त्या वेळा काही मिनिटांत संपून जात. खासगी रुग्णालयात जूनपासून कोव्हिशिल्डच्या एका मात्रेचा कमाल दर ७८० रुपये आणि कोव्हॅक्सिनचा १,४१० रुपये ठरवण्यात आला होता. एका घरच्या धुण्याभांड्यांचे महिन्याचे पैसे जेमतेम तेवढे किंवा थोडे अधिक. ज्या घरांनी ही रक्कम स्वतः भरली आणि तापाच्या दिवसाची भरपगारी सुट्टी दिली, त्यांची अट आणि ज्यांनी केवळ फाटक बंद केले त्यांची अट, या दोहोंना एकाच नावाने संबोधणे अन्यायाचे होईल.

या सगळ्याचा न्यायनिवाडा २ मे २०२२ रोजी झाला. बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने दिलेल्या निकालानुसार शरीरावरील स्वाधीनता, म्हणजे आपल्या देहावर कोणते उपचार व्हावेत हे ठरवण्याचा अधिकार, हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवितस्वातंत्र्याचा भाग असून कोणावरही लसीची सक्ती करता येत नाही. तथापि सार्वजनिक आरोग्यासाठी शासनाला व्यक्तींवर निर्बंध घालता येतात, जर ते खासगीपणाच्या अधिकारावरील २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातील तिहेरी कसोटीस उतरत असतील: निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, त्यामागे शासनाचे रास्त उद्दिष्ट हवे, आणि निर्बंध त्या उद्दिष्टाच्या मानाने प्रमाणशीर हवा. न्यायालयापुढे लस न घेतलेल्यांकडून होणारा प्रसार लस घेतलेल्यांपेक्षा अधिक असल्याचे दाखवणारी ठोस आकडेवारी आली नाही, म्हणून त्या वेळचे निर्बंध तिसऱ्या कसोटीवर अनुत्तीर्ण ठरले. निकालाचे खरे महत्त्व या तपशिलात आहे. लससक्ती सदासर्वकाळ निषिद्ध आहे असे न्यायालयाने म्हटलेले नाही. तिचे समर्थन विशिष्ट लसीच्या, विशिष्ट वेळच्या पुराव्यावर तपासले जाईल, असे म्हटले आहे. उद्या एखादी साथ गोवरासारखी पसरणारी असेल आणि लस तिचा प्रसार खरोखर रोखत असेल, तर याच कसोटीतून उलट उत्तर निघू शकते.

खासगी मालकाचा प्रश्न मात्र या निकालाने पूर्णतः सुटला नाही. मूलभूत अधिकार प्रामुख्याने शासनाविरुद्ध बजावता येतात, आणि खासगी कंपनी व तिचा नोकर यांच्यातील नाते करार आणि कामगार कायदे यांनी बांधलेले असते; खासगी संस्थांनीही आपले निर्बंध पुन्हा तपासावेत, एवढीच सूचना न्यायालयाने केली. मालकाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. १९४८ च्या कारखाना कायद्यातील कलम ७-अ प्रमाणे कामगारांचे आरोग्य आणि सुरक्षितता सांभाळणे हे कारखानदाराचे कर्तव्य होते, आणि लस न घेतलेल्या एकामुळे इतर आजारी पडले तर जाब त्यालाच विचारला गेला असता. परंतु त्याच वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार शिस्तीचे नवे नियम आणायचे तर कामगारांना एकवीस दिवसांची सूचना देणे आवश्यक होते, आणि सूचनाफलकावर रातोरात चिकटवलेली परिपत्रके त्यात कितपत बसतात, याची विचारणा फारच थोड्या संघटनांनी केली. सैन्यदलांची गोष्ट वेगळी. जामनगरच्या एका हवाईदल कर्मचाऱ्याच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयात ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले गेले की देशभरात हवाईदलातील नऊ जणांनी लस नाकारली होती आणि कारणे दाखवा नोटिशीला उत्तर न देणाऱ्या एकाला सेवामुक्त करण्यात आले होते. सैनिक भरती होतानाच आपल्या देहावरील बरेचसे अधिकार सेवाशर्तींच्या हवाली करतो, हे यामागील गृहीतक आहे.

अमेरिकेत न्यायालयांनी आखलेली रेषा बोधक आहे. टेक्सासमधील ह्यूस्टन मेथडिस्ट या रुग्णालय समूहाने सुमारे सव्वीस हजार कर्मचाऱ्यांना लस बंधनकारक केली, त्याविरुद्धचा दावा जून २०२१ मध्ये फेटाळला गेला आणि १५३ जणांनी राजीनामे दिले किंवा ते बडतर्फ झाले. पुढे संघराज्य सरकारने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या सर्व मालकांसाठी, म्हणजे सुमारे ८ कोटी ४० लाख कामगारांपुरता, लस किंवा साप्ताहिक चाचणी असा नियम केला; १३ जानेवारी २०२२ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध तीन मतांनी रोखला आणि त्याच दिवशी सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांपुरता मर्यादित असलेला नियम पाच विरुद्ध चार मतांनी कायम ठेवला. रुग्णशय्येजवळची सक्ती टिकली, सर्वत्रची पडली. इंग्लंडमध्ये मात्र वृद्धाश्रमांतील कर्मचाऱ्यांवर ११ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेली सक्ती अवघ्या चार महिन्यांत, १५ मार्च २०२२ रोजी, मागे घ्यावी लागली, कारण ओमिक्रॉनने तिचा आधारच ढासळवला होता आणि मनुष्यबळाची टंचाई आधीपासूनच होती.

या वादात सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग म्हणजे इजेची भरपाई, आणि प्रस्तुत प्रकरणाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. प्रत्येक लसीचे दुष्परिणाम असतात. बहुतेक किरकोळ असतात, पण लाखांत एखाद्याच्या वाट्याला गंभीर इजा येते, आणि कोव्हिशिल्डसारख्या लसीनंतर क्वचित आढळणारी, प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याची व्याधी हे त्याचे उदाहरण. लसीनंतर मृत्यू पावल्याचा आरोप असलेल्या दोन तरुणींच्या पालकांच्या याचिकेवर नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात जी भूमिका घेतली ती अशी की लस ऐच्छिक होती, म्हणून शासनावर थेट दायित्व येत नाही आणि पालकांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी. ज्या काळात लोकलचे फाटक, महापालिकेचे वेतन आणि दुकानाचा परवाना लसीवर अवलंबून होता, त्या काळाला अनुसरून हे विधान वाचले की ‘ऐच्छिक’ या शब्दाने किती ओझे वाहिले आहे ते ध्यानात येते. उघड सक्तीपेक्षा ही आडून केलेली सक्ती अधिक सदोष म्हटली पाहिजे, कारण उघड सक्ती करणाऱ्याला निदान तिचे उत्तरदायित्व नाकारता येत नाही. मालकाने लस ही कामाची अट केली, तर तिच्यातून झालेली इजा ही कामातून झालेली इजा मानून तिची भरपाई द्यावी, तिच्या मात्रेचा खर्च, टोचून घेण्याच्या वेळेचे वेतन आणि तापाच्या दिवसांची सुट्टी त्यानेच द्यावी. एवढे करायची ज्याची तयारी नाही, त्याला अट घालण्याचा नैतिक अधिकारही नाही.

या भूमिकेला इतिहासाचाही आधार आहे. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग केला. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला आणि घरझडत्या व विलगीकरणात सरकारने जी दांडगाई केली तिची परिणती पुण्यात प्लेग-अधिकारी रँडच्या वधात झाली. लसीच्या बाबतीत मात्र सरकारने तुलनेने सबुरी बाळगली, आणि आगाखानांसारख्या पुढाऱ्यांनी जाहीरपणे लस टोचून घेतल्याचा परिणाम आदेशांहून अधिक झाला. तरीही ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी दूषित झालेल्या एकाच बाटलीतून लस दिलेल्या एकोणीस जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला, हाफकिन यांना पद सोडावे लागले आणि १९०७ मध्ये निर्दोष ठरेपर्यंत बरीच वर्षे गेली. ज्यांचे बळी गेले ते स्वेच्छेने आले होते. लस सक्तीची असती तर त्या एका बाटलीचे पडसाद कोठवर उमटले असते, याची कल्पना करता येते.

उरतो तो मालकच नसलेल्या कामगारांचा प्रश्न. मेघालयात २०२१ मध्ये काही जिल्हाधिकाऱ्यांनी दुकानदार, फेरीवाले आणि टॅक्सीचालकांना लस घेतल्याशिवाय व्यवसाय सुरू करता येणार नाही असे आदेश काढले. २३ जून रोजी तेथील उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत अधिकारांवर घाला घालते असे ठरवून ती अवैध मानली, पण त्याच आदेशात प्रत्येक दुकानावर व वाहनावर कर्मचारी लसीकृत आहेत की नाहीत हे दर्शवणारा ठळक फलक लावण्यास सांगितले. जिल्हाधिकाऱ्याच्या हातातील दंडुका काढून घेऊन तो गिऱ्हाइकाच्या हाती देण्यासारखेच हे झाले. घरपोच जेवण आणून देणाऱ्या मुलांच्या नावाखाली ॲपवर ‘लसीकृत’ अशी ओळ दिसू लागली तेव्हाही तेच घडले: कंपनीच्या कागदपत्रांत तो मुलगा तिचा नोकर नव्हता, स्वतंत्र भागीदार होता, त्यामुळे त्याच्या सुट्टीचे, तापाचे आणि इजेचे दायित्व तिच्याकडे येत नव्हते, त्याच्या दंडाची नोंद मात्र तिच्याकडे होती.